मामांचा लेथ



आपल्या घरांत पितळ आणि लोखंड यांना सारखा मान नसतो. सासूबाईंचा पितळी बंब, आजेसासूबाईंची घागर, तांब्याचं घंगाळ या वस्तू आपण चिंच लावून घासतो, कल्हई करून घेतो आणि आल्या-गेल्याला कौतुकाने दाखवतो. पण ज्या लोखंडी अवजारावर या घराची चूल पेटली, ते परड्यात गंजत पडतं. एक दिवस भंगारवाल्याची हाक येते आणि ते तराजूत चढतं. आज लिहिते आहे ते अशाच एका लोखंडी वस्तूबद्दल. उपवासाच्या पारण्याचे पदार्थ पुढच्या वेळी नक्की.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, टर्नर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं लेथवर काम केलं. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना चप्पल, रस्सा आणि गूळ आठवतो. पहिल्या दोन गोष्टींशी आपला संबंध नाही, पण गूळ आपला आहे आणि हे कारखानेही थोडेफार गुळामुळेच आले. उसाला पाणी द्यायचं तर इंजिन हवं, गुऱ्हाळावर चरक हवा, आणि चरकाचा बुश झिजला तर तो हंगाम संपायच्या आत बदलून देणारा कुणीतरी जवळपास हवा. अशी गरज पडत गेली आणि गल्लीगल्लीत फाउंड्री, लेथ, वेल्डिंग उभं राहिलं. इथल्या माणसांचे हात पहिल्यापासून असेच. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास दामल्यांना सोबत घेऊन सिनेमाचा कॅमेरा तयार केला, तोही याच गावात.

ज्यांनी लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कुंभाराचं चाक कुशीवर निजवलं आहे अशी कल्पना करा. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात तिला आकार देतो. लेथवर लोखंडाचा दांडा फिरतो आणि घट्ट धरलेली पोलादी पात त्याला आकार देते. दांडा ज्या पंज्यात धरतात त्याला चक म्हणतात. पात ज्यावर बसते ती गाडी लांब सपाट रुळांवरून सरकते, त्या रुळांना बेड म्हणतात. लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास या यंत्राला असं रूप दिलं की एकसारख्या आट्यांचा स्क्रू हवा तितक्या वेळा काढता यावा. त्यातून पुढची यंत्रं झाली. लेथचे बरेचसे सुटे भाग लेथवरच बनतात, म्हणून टर्नर लोक त्याला सगळ्या यंत्रांची आई म्हणतात.

मामांनी १९७८ साली साडेचार फुटी लेथ जुना विकत घेतला आणि परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. पंजाबातल्या बटाल्याचा बनवलेला, जाड बिडाचा, पाठीमागे पायऱ्यापायऱ्यांची पुली आणि तिच्यावर रुंद पट्टा. दिवसा कारखाना आणि रविवारी घरचा लेथ. पण एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. कारखान्यात कायम पहिली पाळी घेतली आणि घरचं शेड सूर्य कलायच्या आत बंद केलं. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायला हवं हे एक कारण. दिवा लावून काम केलं की पाखरं दिव्यावर येतात आणि फिरत्या चकात सापडतात, हे दुसरं. अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षणाच्या दहा दिवसांत लेथवर चादर असायची.

तीन वर्षांपूर्वी मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं जवळजवळ थांबलं. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. चार-सहा शब्द तेवढे राहिले आहेत. शेडला कुलूप लागलं आणि दोन पावसाळे त्या कुलपावरून गेले.

मागच्या श्रावणात यांनी विषय काढला. मुलगा पुण्यात, तो काही लेथ चालवायला येणार नाही. शेड पाडून तिथे एक खोली काढली तर भाडं येईल आणि मामांच्या औषधांचा खर्च त्यातून निघेल. म्हणणं चुकीचं नव्हतं. भंगारवाला येऊन बघून गेला. वजन पाच-सहाशे किलो भरेल म्हणाला. चक आणि टेलस्टॉक हाताने फिरवून बघायचीही त्याला गरज वाटली नाही, किलोचा भाव सांगितला आणि उभा राहिला.

आम्ही मामांच्या खाटेजवळ बसलो. यांनी विचारलं, "आप्पा, लेथ द्यायचा का?"

मामा म्हणाले, "चालतंय."

आमच्याकडे या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे तुम्हांला सांगायला नको. "हरकत नाही, द्या" असाही होतो आणि "अजून चालतं आहे" असाही. यांनी पहिला घेतला, माझ्या कानावर दुसरा पडला. आत्तींकडे पाहिलं तर त्या पदराने डोळे पुसत होत्या, त्यामुळे त्यांच्याकडून काही कळायला मार्ग नव्हता. मी भंगारवाल्याला दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं. घरात थोडी धुसफूस झाली.

आता माझी अडचण सांगते, कारण ती तुमच्यापैकी अनेकींची असेल. मी काही वर्षांपूर्वी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं आहे. वहीत लिहिलेलं आहे: साड्या किती, सोनं किती, वाहनं किती, यंत्रं किती. यंत्रांचा आकडा ८ आहे आणि तो भरलेला होता. लेथ मामांच्या नावावर होता तोवर माझ्या हिशेबात येत नव्हता. पण मी तो दुरुस्त करणार, मी वापरणार, तर तो माझाच झाला. एक आत आणायचं तर एक बाहेर जायला हवं.

त्याहून मोठा प्रश्न मनात होता. जुन्या वस्तूला धरून बसणं ही मायाच नाही का? सासऱ्यांची आठवण म्हणून पाच-सहाशे किलो लोखंड सांभाळायचं आणि वर अपरिग्रह म्हणायचं? मी बस्तीतल्या दुपारच्या स्वाध्यायात हे विचारलं. बराच वेळ बोलणं झालं. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून केलेली नाही, वस्तूबद्दलच्या मूर्च्छेवरून केली आहे, हे आपण सगळ्या शिकलो आहोत. ते शिकणं आणि घरातल्या एकेका वस्तूसमोर उभं राहून स्वतःला विचारणं यांत फरक आहे, एवढं त्या दिवशी लक्षात आलं. एका वयस्कर बाईंनी दुसरी बाजू मांडली. भगवान ऋषभदेवांनी लोकांना जी सहा कर्मं शिकवली त्यांत असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य यांच्या जोडीला शिल्प आहे. हाताची कारागिरी ही गृहस्थाची वाट आहे. उद्योगात हिंसा घडतेच, गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, पण जपून, कमीत कमी आणि हेतू स्वच्छ ठेवून काम करायचं आहे.

घरी येऊन मी वही उघडली. आठ यंत्रांत माझ्या आईचं शिलाई मशीन होतं. आई गेल्यापासून ते मी माहेरून आणून झाकण घालून ठेवलं होतं. वर्षातून एकदा तेल घालायचे, पुसायचे, परत झाकायचे. शिवायचे मात्र दुसऱ्या, विजेच्या मशीनवर. माझी भाची शिवणकाम शिकते आहे आणि तिच्याकडे मशीन नाही, हे मला ठाऊक होतं. लेथ चालणार होता, आईचं मशीन माझ्याकडे नुसतं बसून होतं. दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. टेम्पोत चढवताना हात लावायला मी गेले नाही, आतच थांबले. पण आता ती त्याच्यावर पोलकी शिवते आणि मला फोटो पाठवते. वहीत आकडा परत ८ झाला.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली आणि शेडचं कुलूप काढलं.

पहिलं काम जीव हलवायचं. यंत्रात किती संसार थाटलेले असतात! चकाखाली कोळ्यांची जाळी, गिअरच्या झाकणात पालीची अंडी, आणि टेलस्टॉकच्या पोकळ दांड्यात कुंभारमाशीने लावलेली मातीची घरं. मऊ कुंचल्याने जेवढं हलवता आलं तेवढं भिंतीच्या आडोशाला नेऊन ठेवलं. मातीच्या घरांना हात लावला नाही. त्यातून माशा उडून जाईपर्यंत टेलस्टॉक तसाच ठेवला आणि दुसऱ्या भागांपासून सुरुवात केली. काम लांबलं, पण घाई कुणाला होती?

मामांची खुर्ची शेडच्या दारात, उन्हात. मामांचे उद्यमनगरातले एक जुने सोबती आहेत, आता पंच्याहत्तरीचे. त्यांना सगळे मेस्त्री म्हणतात. ते आठवड्यातून दोनदा यायला तयार झाले. एकदा मामांनी, एकदा मेस्त्रींनी मान हलवल्याशिवाय मी एकही बोल्ट सोडला नाही.

सोडताना प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढला. बोल्ट, चाव्या, वॉशर पापडाच्या जुन्या डब्यांत घातले आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली. आत जुनं ग्रीस आटून काकवीसारखं झालं होतं. ते लाकडी पट्टीने खरवडलं, मग डिझेल आणि चिंध्या. वापरलेलं डिझेल मोरीत ओतलं नाही, कॅनमध्ये साठवून गॅरेजवाल्याला दिलं. जुना रंग कोरडा घासू नका, असं मेस्त्रींनी बजावलं. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि ती धूळ छातीत जाते. म्हणून तो ओला करून खरवडला.

गंज काढायची एक सोपी रीत सांगते. ती स्वयंपाकघरातल्या जुन्या बिडाच्या तव्यालाही चालते. प्लास्टिकच्या टबात पाणी घ्यायचं. आपल्याकडे ते गाळूनच असतं. दर चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवायचा. गंजलेला भाग एका तारेला बांधून पाण्यात सोडायचा आणि त्याला १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण बाजू जोडायची. बाजूला, त्याला न लागता, साध्या लोखंडाचा एक निरुपयोगी तुकडा सोडून त्याला धन बाजू जोडायची. मग चार्जर चालू करायचा. बारीक बुडबुडे येतात आणि काही तासांत गंज सुटून काळा गाळ होतो. चांगलं लोखंड यात झिजत नाही, हा याचा मोठा गुण. मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा. हे उघड्यावर करा, कारण बुडबुड्यांत हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो. हात घालण्याआधी चार्जर बंद करा. आणि तो निरुपयोगी तुकडा स्टेनलेस स्टीलचा घेऊ नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. भाग बाहेर काढला की लगेच कोरडा करून तेल लावा, नाहीतर तासाभरात नवा गंज चढतो. काही लोक यासाठी व्हिनेगर वापरतात. मी छोट्या बोल्टांना लिंबूसत्त्वाचं पाणी वापरलं, तेही चांगलं काम करतं.

बेडला मात्र यातलं काही करायचं नाही. तिथे बारीक पॉलिश पेपर आणि तेल, हलक्या हाताने, लांबीच्या दिशेने. ग्राइंडर लावून चकाचक करायचा मोह झाला तर आवरायचा. त्याने गंजाबरोबर सपाटीही जाते आणि सपाटी हाच लेथचा प्राण.

ती सपाटी किती उरली आहे हे मेस्त्रींनी डायल गेज लावून पाहिलं. चकाजवळ बेड साधारण १० शतांश मिलिमीटर झिजला होता. आपल्या डोक्याचा केस साधारण ७ शतांश जाड असतो, यावरून अंदाज करा. झीज चकाजवळच का? तर बहुतेक कामं आखूड असतात, म्हणून गाडी तिथल्या तिथे फिरत राहते. घराचा उंबरठाही मध्येच झिजतो, कडेला नाही. मी विचारलं, बेड घासून घ्यायचा का? मेस्त्री म्हणाले, "ताई, एवढ्या वयाला एवढी झीज शोभते. राहू दे."

आडव्या सरकणाऱ्या भागाची, क्रॉस स्लाईडची, झीज मात्र काढावी लागली. ती रीत पाहून मला जातं आठवलं. जात्याची पाळी गुळगुळीत झाली की दळण नीट पडत नाही, मग पाथरवट येऊन टाकी लावायचा. इथेही तसंच काहीसं. मेस्त्रींनी पूर्ण सपाट अशा बिडाच्या पाटावर तेलात कालवलेला निळा रंग अगदी पातळ पसरला आणि आमचा भाग त्यावर घासला. जिथे उंचवटा तिथे निळा ठिपका. मग पोलादी खरवडणीने फक्त ते ठिपके कणभर खरवडायचे, पुसायचं, परत घासायचं, परत खरवडायचं. सुरुवातीला दोन-तीन मोठे ठिपके होते. हळूहळू सगळीकडे बारीक ठिपके पसरले. मधल्या खोलगट जागांत तेल धरून राहतं, म्हणून भाग लोण्यासारखा सरकतो. चार दुपारी गेल्या यात. मी खरवडायचे आणि मामा डाव्या हाताचं बोट फिरवून सांगायचे, हो किंवा नाही.

आता पट्ट्याचं. या लेथचा जुना पट्टा चामड्याचा होता. त्या काळी तसेच मिळायचे. आत्तींनी तो पट्टा आयुष्यभर शेडच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. मामा शेडमधून आले की बाहेरच्या नळावर हात-पाय धुवून, कपडे बदलून मगच घरात. चामड्याच्या पट्ट्यांना पूर्वी चरबी चोळायचे आणि पात थंड ठेवायला डुकराच्या चरबीचं तेलही वापरलं जायचं, हे मेस्त्रींकडून कळलं. मामांनी चरबी कधी आणली नाही, पण पट्ट्याला त्यांचा इलाज नव्हता. आज आहे. कापड आणि रबर यांचा सपाट पट्टा बाजारात मिळतो, मापाने कापून देतात, आणि तो चांगला ओढतो. तेल खनिज वापरायचं. नवा पट्टा चढवला त्या दिवशी आत्ती पहिल्यांदा शेडमध्ये आल्या. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा!

पण त्यांचा माझ्यावर एक राग होताच. लेथसमोर उभं राहायचं तर अंगावर लोंबतं काही नको. पदर नको, ओढणी नको, मंगळसूत्र नको, केस बांधून टोपीत. हातमोजेसुद्धा नकोत, कारण ते सापडले की हातासकट ओढले जातात. यांचा अर्ध्या बाह्यांचा जुना शर्ट मी घातला, ते आत्तींना चाललं. पण बांगड्या? सवाशिणीने रिकाम्या हाताने उभं राहायचं, तेही नवऱ्यासमोर? दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेडच्या दारात आल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "आण हिकडं." माझ्या बांगड्या त्यांनी स्वतःच्या हातांत चढवल्या आणि मामांच्या शेजारी पाटावर बसल्या. तेव्हापासून काम चालू असेपर्यंत त्या माझ्या बांगड्या घालून बसतात. बंद झालं की परत देतात.

एक भाग मात्र सापडत नव्हता. या लेथचा लांब स्क्रू इंचाच्या मापाचा आहे. आपल्या देशाने मीटर पद्धत १९५६ च्या कायद्याने घेतली, पण यंत्रं बरीच वर्षं इंचाचीच निघत राहिली. अशा लेथवर मिलिमीटरच्या आट्या काढायच्या तर १२७ दात्यांचं एक गिअर लागतं. कारण एका इंचात बरोबर २५.४ मिलिमीटर असतात आणि त्याची पाच पट म्हणजे १२७. त्याशिवाय हिशेब जुळत नाही. डबे, पोती, माळा सगळं शोधून झालं. मामा डाव्या हाताने सारखे स्वयंपाकघराकडे दाखवत होते आणि आम्ही त्यांना पाणी, चहा, बिस्किटं आणून देत होतो. शेवटी मी त्यांची खुर्चीच स्वयंपाकघरात नेली. त्यांनी कोपऱ्यातल्या लोणच्याच्या बरणीकडे बोट केलं. बरणीखाली मुंग्या चढू नयेत म्हणून आत्तींनी एक लोखंडी चकती ठेवली होती आणि तिच्यावर जुनं कापड गुंडाळलं होतं. कापड सोडलं तर आत दाते. मी मोजायला बसले. मामांनी थांबवलं. बोटांनी एक दाखवलं, मग दोन, मग पाच आणि परत दोन. तरी मी मोजले. १२७ होते.

मोटर वायरमनकडून तपासून घेतली, नवा स्टार्टर लावला, अर्थिंग नीट केलं. विजेचं काम आपण करू नये. सगळा खर्च मिळून भंगारात जेवढे पैसे आले असते साधारण तेवढा झाला.

महावीर जयंतीच्या आधीच्या रविवारी लेथ चालू केला. हे त्या दिवशी घरीच होते, दाराशी उभे. चक फिरला आणि हेडस्टॉकमधून बारीक चिरका आवाज यायला लागला. मेस्त्रींनी कान दिला, मी कान दिला, काही कळेना. मामांनी डावा हात वर केला. बंद केला लेथ. त्यांनी मागच्या बाजूच्या तेलाच्या कुपीकडे बोट केलं. तिचं भोक जुन्या रंगाने बुजलं होतं. सुईने मोकळं केलं, तेल सोडलं, परत चालू केला. आवाज खाली बसला, घरघंटीसारखा एकसुरी. मी एक साधा दांडा धरला आणि एकदा पात फिरवली. मेस्त्रींनी दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजली, फरक २ शतांश. मायक्रोमीटर मामांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ डोळ्यांजवळ धरला.

"चालतंय," म्हणाले.

श्रावणातला तो शब्द कुठल्या अर्थाचा होता, हे मी त्यांना नंतर विचारलं. ते नुसते हसले. यांनी मात्र त्या रात्री मला एक सांगितलं, जे इतके दिवस बोलले नव्हते. खोलीचं भाडं हे कारण होतंच, पण आप्पा खाटेवर आणि त्यांचा लेथ कुलपात, हे त्यांना रोज येता-जाता बघवत नव्हतं. एकदाचं जाऊ दे, असं वाटायचं. मला वाटलं होतं यांना त्या लेथचं काही नाही.

औषधांच्या खर्चाचा प्रश्न तसाच आहे आणि खोली झाली नाही, हे खरं. पण लेथ थोडंफार देतो. मिक्सरचे बुश, गुऱ्हाळाच्या पिना, शेजारच्या यंत्रमागाचे छोटे भाग. फार नाही. गल्लीतली एक मुलगी आयटीआयला टर्नरचा ट्रेड करते, ती दर रविवारी येते. मामा तिला डाव्या हाताने शिकवतात. त्यांची एक शिस्त तिच्या आधी मला लागली: चकात चावी घातली की ती बाहेर येईपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही. चावी चकात राहिली आणि लेथ सुरू झाला तर ती गोळीसारखी उडते. मुलीचा हात एकदा चावीवरून सुटला तर मामांनी खुर्चीच्या दांडीवर एवढ्या जोरात हात आपटला की आत्तींच्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

वहीत लेथच्या पुढे मी एक ओळ लिहून ठेवली आहे. सहा महिने चादर निघाली नाही, तर तो आयटीआयच्या त्या मुलीला किंवा दुसऱ्या चालवणाऱ्याला द्यायचा. किलोवर नाही. यांची सही घेतली आहे, मामांचा डाव्या हाताचा अंगठा आहे.

तुमच्याही घरात असं काही असेल. सुताराचा रंधा, सोनाराची ओढपट्टी, शिंप्याची जड कात्री, चक्कीची पुली. द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण आधी ज्याने ते चालवलं त्याच्याजवळ बसून विचारा: याचं नाव काय, हे कशासाठी, यातलं काय घरात दुसऱ्याच कामाला लागलं आहे. आमच्यासारखं लोणच्याच्या बरणीखाली बघायला विसरू नका. आणि कुणाच्या जात्याचा खुंटा झिजला असेल तर रविवारी बस्तीतून येताना घेऊन या. दुपारी दोन ते पाच लेथ चालू असतो, त्यानंतर जेवणं.

जयजिनेंद्र.